पेशंट गेल्यापासून बहीण नर्सिंग सोडते म्हणते. घरच्यांनी काय करावं?

बहीण पुण्यात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे, वॉर्डात तिला दिलेला पेशंट गेला, तेव्हापासून धड जेवत नाही, कोर्स सोडते म्हणते. तुम्ही "मन घट्ट कर" सांगताय, पण उपयोग होत नाही. नाहीच होणार. हे ऐकून घट्ट झालेली एकही मुलगी मी पाहिलेली नाही. गप्प झालेल्या मात्र भरपूर.

मी पुण्यातच मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. लातूरकडची एक मुलगी पहिल्याच पोस्टिंगला आली, तिच्याकडे हार्ट फेल्युअरचे एक आजोबा. सकाळी तिने स्पंज दिला, कुशीवर वळवून पाठीला पावडर लावली, थोडी पेज भरवली. दुपारच्या आत आजोबा गेले. सीपीआर झाला, डॉक्टरांनी डिक्लेअर केलं. ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "आता बॉडी आवरायला शिक," आणि निघून गेल्या. मी पडद्याआड गेले तर ही एकटीच. जबड्याला बांधलेलं बँडेज सोडून पुन्हा बांधत होती, का तर गाठ आजोबांच्या गालात रुतत होती.

तिने एकच विचारलं, "सिस्टर, मी कुशीवर वळवलं म्हणून गेले का हो?"

हा प्रश्न बहुतेकींच्या पोटात असतो, तोंडावर येत नाही. मी केस पेपर उघडून तिच्यापुढे ठेवला. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) 20 टक्के. धडधाकट माणसाचं 55 च्या आसपास किंवा वर असतं. किडनीचं क्रिएटिनिन रोज चढतंय, लघवी कमी होतेय. म्हटलं, यात तुझं वळवणं कुठे आहे, दाखव. तेव्हा कुठे ती रडली. पॅन्ट्रीत बसवून चहा दिला, गाठ मी बांधली.

ट्यूटर मॅडमनी मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे, तक्रार केली, की स्टाफ मुलींना लाडावतो, आमच्या वेळी आम्ही काय रडत बसायचो का? वर मुलीकडून त्या दिवशीचा केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या सेवेचा लेखी आराखडा, त्याच दिवशी मागितला. मेलेल्या पेशंटचा! इंजेक्शन शिकवताना पहिल्यांदा शेजारी उभ्या राहता ना? मग मरण काय पुस्तकातून शिकायचं?

असो. बहिणीला "काय झालं" असं सारखं विचारू नका. त्या दिवशी तिने स्वतः काय काय केलं ते क्रमाने सांगू दे. ती कुठे अडखळते ते ऐका, शंका तिथेच असते. त्या शंकेचं उत्तर घरी मिळणार नाही, वॉर्डच्या सिस्टरकडेच मिळेल, तेव्हा तिला तिथे पाठवा. कोर्सचा निर्णय या पंधरवड्यात नको. झोप-जेवण दोन आठवड्यांतही रुळावर आलं नाही, तर सायकियाट्रिस्टकडे न्या, आणि जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

सगळ्या ट्यूटर तशा नसतात, मान्य. पण एकीच्या हाताखाली पोरींची अख्खी बॅच असते, तेही खरं. आणि पंधरवड्यानंतरही बहिणीला हे काम नकोच वाटलं, तर सोडू द्या, त्यात नाक कापलं जात नाही. पण कॉलेजात बोलावून कुणी "हिचं मन कच्चं आहे" म्हणालं, तर एवढं विचाराच, की बॉडी आवरताना मॅडम कुठे होत्या? आमच्या मॅडम ऑफिसात हजेरीपट भरत होत्या.