ईसीजीतले साडेबारा चौकोन

प्रश्न : आईचं वय ६८. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं आणि त्यातच दोन दिवस जुलाब लागले. ईसीजी पाहून डॉक्टरांनी ते अँटिबायोटिक तडकाफडकी बंद केलं, पोटॅशियमचं सिरप दिलं. कागदावर नाडी ६०, क्यूटी ५०० लिहिलंय. छातीत तर काहीच दुखत नव्हतं! मग हे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुखणार नाहीच, हा रक्तवाहिनी तुंबण्याचा प्रकार नव्हे, हृदयातल्या विजेचा आहे. तो कागद काढा आणि बारीक चौकोन मोजा. एक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. उंच सुळक्याच्या सुरुवातीपासून त्यामागच्या बुटक्या टेकडीच्या, म्हणजे टी लाटेच्या, पलीकडच्या पायथ्यापर्यंत आईचे साडेबारा भरतील, म्हणजे ५०० मिलिसेकंद. हाच कागदावरचा क्यूटी. या नाडीला बायकांमध्ये साडेअकराच्या आत हवेत.

ती टेकडी म्हणजे पेशींची आवराआवर. ठोक्याच्या वेळी सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, उणे ९० मिलिव्होल्टवर बसलेली पेशी धन होते. पुन्हा उणे ९० वर यायचं तर पोटॅशियम बाहेर पडायला हवं. त्यासाठी पेशीच्या आवरणात खास दारं असतात. त्यातल्या एका महत्त्वाच्या दाराचं नाव हर्ग. या घराण्याचं नाव ईथर दिल्यावर पाय थरथरवत नाचणाऱ्या फळमाश्यांवरून पडलंय! क्लॅरिथ्रोमायसिन नेमकं याच दारात अडकतं. आवराआवर लांबते, आणि ती पुरी व्हायच्या आत एखादा चुकार ठोका पडला तर हृदयाची लय पार बिघडू शकते. टर्फेनाडिन हे सर्दीचं औषध अमेरिकेत १९९८ साली बाजारातून गेलं ते याच पायी.

आता पोटॅशियम. रक्तात ते कमी झालं तर बाहेर पडायला उतार वाढेल, काम उलट लवकर होईल, असं वाटतं ना? शरीरक्रियाशास्त्र शिकवताना वर्गातली हुशार मुलं दरवर्षी इथेच फसायची. बाहेर पोटॅशियम कमी असलं की हर्गचं दारच नीट चालत नाही. आईचं गोळीने कमी केलं, जुलाबांनी आणखी, आणि वर ते अँटिबायोटिक.

शहाळ्यावर भागवू नका, पण सिरपही मनाने वाढवू नका. जास्त पोटॅशियमनेही हृदय थांबतं. दोन-चार दिवसांत रक्त तपासून पुन्हा ईसीजी काढा आणि चौकोन मोजून मला कळवा.