परवाना मंडळाचे तपासाचे पत्र आल्यावर : कॅलिफोर्नियातील फिजिकल थेरपिस्टसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही कॅलिफोर्नियातील एका क्लिनिकमध्ये नोकरी करता, एका रुग्णाच्या तक्रारीवरून राज्याच्या फिजिकल थेरपी मंडळाने त्याच्या नोंदींची प्रत आणि तुमचे लेखी म्हणणे मागितले आहे, मॅनेजर म्हणतात की राहिलेल्या नोट्स आधी पूर्ण करा, मग पाठवू, आणि मुळात मंडळाला हे सगळे मागता येते का, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. मी वकील नाही. या राज्यात बरीच वर्षे थेरपिस्ट म्हणून काम केले आणि मधली काही वर्षे अशाच प्रकरणांत तज्ज्ञ म्हणून चार्ट, म्हणजे रुग्णाच्या उपचारांच्या नोंदी, वाचून मत दिले, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी मॅनेजरांच्या सल्ल्याबद्दल. तो अजिबात पाळू नका. क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये नोट कोणी उघडली, काय बदलले आणि सही केव्हा झाली याची वेगळी नोंद आपोआप होत असते, आणि तपासी अधिकारी चार्टच्या प्रतीबरोबर तीही मागू शकतो. माझ्यापुढे आलेल्या एका चार्टमध्ये गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णाच्या चौदा भेटी होत्या. चौदाही नोटांत ‘रुग्णाने उपचार व्यवस्थित सहन केले’ हे एकच वाक्य होते, शस्त्रक्रिया उजव्या गुडघ्याची असताना सहाव्या भेटीपासून डावा गुडघा आला होता, आणि नऊ नोटांवरच्या सह्या मंडळाचे पत्र पोहोचल्यानंतरच्या रविवारी रात्री दीड तासात झालेल्या होत्या. मूळ तक्रार एवढीच होती की थेरपिस्ट रुग्णाला मदतनिसावर सोपवून निघून जातात. ती कदाचित दंडावर मिटली असती. त्या रविवारनंतर मात्र प्रकरण खोट्या नोंदींचे झाले. फसवणुकीच्या हेतूने वैद्यकीय नोंद बदलणे हा इथल्या दंडसंहितेच्या कलम ४७१.५ प्रमाणे फौजदारी गुन्हा आहे. एखादी गोष्ट खरोखरच लिहायची राहिली असेल, तर आजची तारीख घालून आणि उशिरा केलेली नोंद असे स्पष्ट लिहून पुरवणी जोडता येते, पण पत्र हातात असताना तीही वकिलाला विचारल्यावाचून जोडू नये.

आता अधिकाराविषयी. व्यवसायाचे लायसन्स देणे आणि काढून घेणे ही राज्यांची बाब आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्येच डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात मान्य केले. म्हणून दुसऱ्या राज्यात काम करणाऱ्या मैत्रिणीचा अनुभव जसाच्या तसा इथे लावू नका. न्यू यॉर्कमध्ये तर हा तपास फिजिकल थेरपीचे मंडळ करतच नाही. तो राज्याच्या शिक्षण खात्याचा व्यावसायिक शिस्त विभाग करतो. कॅलिफोर्नियात चार थेरपिस्ट आणि तीन सामान्य नागरिक अशा सात सदस्यांचे मंडळ ग्राहक व्यवहार खात्याखाली काम करते. त्याला चौकशीसाठी रुग्णाची तक्रारच लागते असे नाही. लायसन्स घेताना दिलेल्या बोटांच्या ठशांमुळे पुढे कधी अटक झाली तर ती न्याय खात्याकडून मंडळाला परस्पर कळते, त्यामुळे दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरणही इथे येऊन पोहोचते, आणि आपल्या लोकांना याचेच सर्वांत जास्त आश्चर्य वाटते.

नोंदींबाबत व्यवसाय संहितेचे कलम २६०८.५ महत्त्वाचे आहे. मंडळाचा सदस्य किंवा मंडळाने नेमलेला परवानाधारक थेरपिस्ट फिजिकल थेरपी देणाऱ्या कोणत्याही ठिकाणची पाहणी करू शकतो आणि रुग्णांच्या नोंदी पाहू शकतो; मात्र सदस्याला हा अधिकार थेरपिस्ट नसलेल्या व्यक्तीकडे सोपवता येत नाही. याखेरीज सरकारी संहितेच्या कलम ११८० आणि पुढील कलमांखाली ग्राहक व्यवहार खात्याला सबपीना काढता येतो, म्हणजे कागदपत्रे हजर करण्याचा किंवा साक्षीला येण्याचा हुकूम देता येतो. तो पाळला नाही, तर खाते स्वतः शिक्षा करू शकत नाही. त्याला सुपीरियर कोर्टात, म्हणजे राज्याच्या प्राथमिक न्यायालयात, जाऊन आदेश मिळवावा लागतो, आणि तो मोडला तरच अवमानाचा प्रश्न येतो. तुमच्याकडे आलेला कागद साधे विनंतीपत्र आहे की सबपीना, हे म्हणूनच पहिल्या ओळीपासून नीट वाचून ठरवा.

हिपाची, म्हणजे रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या केंद्रीय कायद्याची, भीती मात्र बाळगू नका, कारण आरोग्यसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला माहिती देण्याची त्यात स्पष्ट मुभा आहे. खरी अडचण राज्याच्या संविधानातील खासगीपणाच्या हक्काची आहे. घेरार्डिनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७९ च्या निकालापासून, रुग्णाची संमती नसेल तर त्याच्या नोंदी मागण्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. तुमच्या प्रकरणात रुग्णच तक्रारदार असल्यामुळे त्याचे सही केलेले संमतीपत्र सोबत असण्याची शक्यता मोठी आहे. ते आहे का पाहा. तेवढ्यावर इतर रुग्णांचे चार्ट मिळत नाहीत. अपॉइंटमेंटचे वेळापत्रक आणि बिले मात्र सहसा मागितली जातात, आणि तिथेच बरेच जण अडकतात : मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, हिशेबात १५ मिनिटांच्या प्रक्रियेचे पहिले युनिट, म्हणजे बिलाचे एकक, ८ व्या मिनिटाला आणि दुसरे २३ व्या मिनिटाला धरता येते, तेव्हा चार तासांच्या सकाळी एकाच थेरपिस्टच्या नावावर सात तासांची युनिटे निघाली, तर त्याला उत्तर देणे अवघड जाते.

तपास करणारे आणि निकाल देणारे एकच, हा कसला न्याय, असे तुम्ही लिहिले आहे. विथ्रो विरुद्ध लार्किन या १९७५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ तेवढ्याने न्याय्य प्रक्रियेचा भंग होत नाही. मला स्वतःला ते पुरते पटलेले नाही. तरी इथे निदान मधल्या पायऱ्या वेगळ्या आहेत : औपचारिक आरोपपत्र ॲटर्नी जनरलचे कार्यालय चालवते, सुनावणी स्वतंत्र कार्यालयाचे प्रशासकीय न्यायाधीश घेतात, आणि आरोप स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावा लागतो, साध्या झुकत्या मापाने नव्हे. शेवटचे मत मात्र मंडळाचेच असते, आणि न्यायाधीशांचा प्रस्तावित निर्णय ते नाकारूही शकते. आरोपपत्र मिळाल्यावर १५ दिवसांत बचावाची नोटीस दिली नाही, तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. दोष सिद्ध झाल्यास कलम १२५.३ प्रमाणे तपासाचा वाजवी खर्चही तुमच्याकडून वसूल करता येतो. तुम्ही अजून या टप्प्यापासून बऱ्याच दूर आहात. नुसती तक्रार सार्वजनिक होत नाही, आरोपपत्र होते. आणि प्रोबेशनसारखी, म्हणजे अटींवर लायसन्स चालू ठेवण्याची, कारवाई झाली, तर ती ३० दिवसांत राष्ट्रीय डेटा बँकेला, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांवरील कारवायांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला, कळवली जाते, मग टेक्सासात लायसन्स मागायला गेलात तरी ती तिथे दिसते.

लेखी म्हणणे एकट्याने लिहू नका. क्लिनिकचा वकील क्लिनिकचा असतो, तुमचा नव्हे, आणि मॅनेजरांनी दिलेला सल्ला पाहता तुमचे आणि क्लिनिकचे हित एकच आहे असे मी धरून चालणार नाही. तुमची स्वतःची व्यावसायिक विमा पॉलिसी असेल तर लायसन्सच्या बचावासाठी तिच्यात वेगळी रक्कम आहे का ते आजच पाहा आणि विमा कंपनीला कळवा. मुदत अपुरी असेल तर ती संपण्यापूर्वी लेखी वाढवून मागा. मॅनेजरांनी नोट्सबद्दल जे सांगितले ते ईमेलने सांगितले असेल, तर तो ईमेलही तसाच जपून ठेवा.