फुलहॅमपासून केडगावपर्यंत

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. 'ख्रिस्ती विचार आणि समाजसुधारणा' असं नाव देऊन तू मिशनच्या शाळा-दवाखान्यांची जंत्री केलीस आणि शेवटी धर्मांतराचा वाद चिकटवलास. संस्था आल्या, पण विचार कुठाय? त्यापेक्षा एकट्या पंडिता रमाबाईंना धर.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला, वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे गेल्या. त्या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला 'पतित' ठरवलेल्या बायकांना थारा देत. अशा बाईला आपल्याकडे काय वाट्याला येतं हे शास्त्रं पाठ असलेल्या रमाबाईंना वेगळं सांगायला नको होतं. या बायकांबद्दल तुम्हाला एवढी माया का, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; लोकांनी हलकी ठरवलेल्या त्या बाईशी येशू आपणहून, मानाने बोलतो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्याजवळ केडगावला उभारलेल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. ही वाट नीट उलगडलीस तरी एक प्रकरण होईल.

पण त्या चर्चच्या मुठीत गेल्या नाहीत. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर त्यांनी शंका काढल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकल्यावर दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं वाँटेजला ठणकावून कळवलं. हा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो मुळातून वाच.

जोतीराव फुल्यांनाही सोडू नकोस. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८८५च्या 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली, स्वतः मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. विचार घ्यायला बाप्तिस्माच लागतो असं नाही, हे त्यांच्यावरून दाखवता येईल. (मिशनचे अहवाल मात्र जपून वाप­र, ते वर्गणीदारांसाठी लिहिलेले असत.)

शारदा सदन, म्हणजे रमाबाईंनी बालविधवांसाठी काढलेली निवासी शाळा; तिच्या प्रकरणात त्यांची वकिली करू नकोस. धर्मशिकवण देणार नाही, असं ठरलं होतं. त्या दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली आपणहून येऊन बसत. १८९३मध्ये गहजब झाला, रानडे-भांडारकरांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं. जिला घराने टाकलंय, अशा बालविधवेला आसरा देणारी बाई उघड्या दारात प्रार्थना करते, तेव्हा 'आपणहून' कितपत खरं? मला पालकांचा राग समजतो. 'केसरी'ची टीका वाच आणि तुझं मत लिही. माझं उतरवू नकोस.

आराखडा नव्याने करून पाठव. दवाखाने तूर्त वगळ.

तुझे,
सर