भाड्यासाठी वरचा मजला चढवावा का?

प्रश्न : साताऱ्यात आमचे ८०० चौरस फुटांचे, वीस वर्षांपूर्वीचे आरसीसी घर आहे. पुढे मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर सोडलेल्या आहेत. ठेकेदार दोन हजार रुपये फुटाने १६ लाख सांगतो. पैकी १२ लाखांचे कर्ज १५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढावे लागेल. भाडे महिना ९ हजार येईल, आणि मुलगा पुण्याहून परत आलाच तर वर राहील. हे परवडेल का? – एक वाचक

उत्तर : केवळ भाड्यासाठी बांधणार असाल, तर परवडणार नाही. ठेकेदाराच्या आकड्यात बाहेरचा जिना, वेगळे वीजमीटर, पाण्याची टाकी आणि गच्चीवरचा जुना कोबा फोडून काढण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो. त्यामुळे १८ लाख धरून चालावे. वर्षाचे १ लाख ८ हजार भाडे, त्यातून एक महिना जागा रिकामी, घरपट्टी आणि डागडुजी वजा केली की हाती सुमारे ८७ हजार उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर पाच टक्क्यांहूनही कमी, आणि कर्ज मात्र नऊ टक्क्यांचे. हप्ता १२ हजार १७० रुपयांच्या आसपास बसेल. तो भाड्यातून भागणार नाही. प्राप्तिकर मोजताना भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते (म्हणजे तेवढ्या भागावर कर लागत नाही), पण तेवढ्याने ही तफावत भरून निघत नाही.

मुलगा खरोखरच परतणार असेल, तर हिशेब पालटतो. तेवढाच फ्लॅट विकत घेताना जमिनीची किंमतही मोजावी लागते. इथे ती आपण पूर्वीच मोजलेली आहे.

सळया आहेत म्हणजे पाया दुमजली भार पेलेल, असे मात्र गृहीत धरू नये. उघड्यावर राहून त्या गंजतात आणि त्यांचा व्यास घटतो. अनेकदा सळया सोडणाऱ्या गवंड्याने पाया एकाच मजल्याच्या बेताचा घेतलेला असतो (हे आपल्याकडे सर्रास चालते). तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाया एका ठिकाणी उकरून आणि कॉलमच्या काँक्रीटची चाचणी घेऊन लेखी अहवाल मिळवावा. ठेकेदाराचा शब्द पुरेसा नाही. कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर देऊन मजबुती) करावे लागले, तर वरचे सर्व आकडे वाढतील. चटईक्षेत्र (भूखंडावर एकूण जितके बांधकाम करू देतात ते) शिल्लक आहे का, हेही नगरपालिकेत आधी पाहावे, कारण परवानगीविना चढवलेल्या मजल्यावर बँक कर्ज देत नाही.

मुलाचा निर्णय पक्का होईपर्यंत स्वतःची रक्कम ठेवीतच राहू द्यावी.