नेइला म्हणजे समारोप नव्हे

प्रश्न असा आलाय: योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, संध्याकाळी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ‘एल नोरा अलिला’ हे हिब्रू गीत गातात, त्यातल्या ‘अलिला’चा अर्थ काय?

कृत्य, करणी. ज्याची करणी पाहून धाक वाटावा असा देव. शब्द बायबलमधल्या ६६व्या स्तोत्रातले. रचना स्पेनमधल्या ग्रानाडाच्या मोशे इब्न एझ्रा या मध्ययुगीन कवीची. कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की त्याचं ‘मोशे’ हे नाव निघतं.

खरी गंमत ध्रुपदाच्या शेवटी आहे: ‘बिशआत हन्नेइला’. याचं मराठी जो तो ‘समारोपाच्या वेळी’ असं करतो आणि दरवेळी माझं डोकं उठतं. समारोप व्याख्यानमालेचा होतो! नेइला म्हणजे दार लावणं, अडसर घालणं; या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं नावही तेच. त्याच धातूपासून ‘मनऊल’, म्हणजे कुलूप. दिवसभराचा उपास झालाय, ऊन उतरलंय, दार लागत आलंय, तेवढ्यात क्षमा पदरात घाल, असं ते मागणं आहे. दार जेरुसलेमच्या मंदिराचं की स्वर्गाचं, यावर जेरुसलेमच्या तालमूदमध्येही, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथातही, दोन मतं आहेत. पण दार आहे, हे दोघांनाही मान्य.

कोकणातले बेने इस्रायल ज्यू या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. लोक त्या दिवशी घराची दारं लावून घेत म्हणून हे नाव, असं सांगतात. मला त्यात नेइलाच ऐकू येते.

आता खरी मेजवानी. योम किप्पुरला काय काय वर्ज्य, ते मिश्ना हा ज्यूंचा जुना नियमग्रंथ सांगतो: खाणं, पिणं, अंघोळ, तेल लावणं, शरीरसंबंध आणि ‘नेइलत हसंदाल’, म्हणजे पायात वहाण घालणं. शब्द तोच! आदल्या संध्याकाळपासून एक नेइला निषिद्ध आणि सूर्यास्ताला दुसरी नेइला हवीच. हिब्रूत ‘नअल’ म्हणजे जोडा, अरबीतही ‘नअल’, आणि तोच फारसीतून आपल्याकडे आला: घोड्याचा नाल. नालबंदातला नाल तो हाच.

काही कोशकार जोड्याचा धातू आणि कुलपाचा धातू वेगळे मांडतात. मला ते अजिबात पटत नाही. वहाणेचा बंद आवळणं आणि दार बांधून घेणं यांत कृती एकच आहे. चामड्याच्या वादीने दोन्ही होत असणार. दोन नोंदी केल्या म्हणून शब्द दोन होत नाहीत.

तेव्हा ध्रुपदाचं मराठी करायचं असेल तर ‘दार लागताना’ असं करा.