वाचकांचे प्रश्न : गावचं घर हलवता येईल का?

प्रश्न : काटोल तालुक्यात आमचं जुनं शेतकरी घर आहे. सपरी, माजघर, मागे बैलांचा कोठा. सासूबाई आता आमच्याजवळ राहतात, त्यामुळे घर बंद असतं. लाकडाचा व्यापारी सागवानी खांब मागतो आहे आणि दीर विकायला तयार आहेत. अशी घरं उचलून संग्रहालयात नेतात, असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : खरं आहे, ताई. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. तिथलं मोरा भागातलं शेतकरी घर ओंडक्यांचं आहे. ओंडके कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेले असतात, म्हणून नंबर टाकून अशी घरं सुटी करता येतात. आपल्या देशातही चेन्नईजवळ मुट्टुकाडूला दक्षिणचित्र हे असंच संग्रहालय आहे, १९९६ पासून. दक्षिणेतली जुनी घरं उतरवून तिथे पुन्हा उभी केली आहेत.

तुमच्या घराचा सांगाडाही सुटेल. खांब दगडी उथळ्यावर टेकलेला असतो, वरचं कुसू, म्हणजे खांबाचं कोरलेलं टोक, आडव्या तुळईत बसलेलं असतं. मातीच्या भिंती मात्र उचलता येत नाहीत. त्या नव्यानेच घालाव्या लागतात आणि त्यासाठी जाणती माणसं लागतात. भोपाळच्या मानव संग्रहालयात श्यामला टेकडीवर आदिवासी घरं आहेत. ती त्या त्या समाजातल्या लोकांनीच येऊन बांधली. दिरांना घेऊन एकदा ती बघून या.

तरीही माझं मत विचाराल, तर घर जागेवरच राहू द्या. सेवाग्रामची बापूकुटी माती-बांबूची, १९३० च्या दशकातली. ती आजही जागेवर उभी आहे, कारण तिची डागडुजी कधी थांबली नाही. तुमच्याकडेही पावसाळ्याआधी कवेलू फेरून घ्या. भिंतीत पाणी मुरू देऊ नका आणि खांबांच्या बुडाला उधई लागली आहे का, ते बघा. बंद घरात चूल पेटत नाही, धूर लागत नाही, मग लाकूड लवकर किडतं. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी दारं उघडून सारवण करावं.

पण याही आधी सासूबाईंना घेऊन तिथे जा. जातं कुठे होतं, बाळंतिणीची खोली कोणती, पोळ्याला बैल कुठल्या दारी उभे करत, ढोलीत ज्वारी कशी भरत, हे त्यांच्याच तोंडून फोनवर रेकॉर्ड करा. कोणतंही संग्रहालय घर घेताना हे विचारतं, आणि ते सांगणारं माणूस आज तुमच्या घरात आहे.

व्यापाऱ्याला आत्ताच शब्द देऊ नका. विकायची वेळ आलीच तर आधी प्रत्येक खांबावर, तुळईवर रंगाने नंबर टाका, नकाशा काढा, सगळे फोटो घ्या. आणि चार खांब इकडे, दोन दारं तिकडे असं न करता सगळं एकालाच द्या.