एडिसनला येताय आणि रडार डिटेक्टर घ्यायचाय

तुम्ही विचारलंय की एच-वन-बीवर न्यू जर्सीतल्या एडिसनला येताय, चुलतभाऊ म्हणतो आल्या आल्या रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ असलं की वाजणारं यंत्र) घे नाहीतर जास्त वेगाची तिकिटं फाडून फाडून खिसा रिकामा होईल, तर कोणता घ्यावा आणि मुळात कायद्यात बसतो का. मी बरीच वर्षं याच पट्ट्यात गाडी चालवतोय. कायद्याचं आधी सांगतो, कारण मॉडेल निवडणं हा त्यातला सोपा भाग आहे.

न्यू जर्सीत खासगी गाडीत डिटेक्टर बिनधास्त ठेवा. खासगी गाड्यांना बंदी फक्त व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत. कॅलिफोर्निया, मिनेसोटात चालतो पण समोरच्या काचेला चिकटवायचा नाही. आता गोची अशी की आपलं अर्धं गोत व्हर्जिनियातच राहतं, अ‍ॅशबर्न म्हणा हर्नडन म्हणा, लाँग वीकेंड आला की आय-९५ धरून सगळे तिकडे. तिथे 'बंद होता हो साहेब' हे चालत नाही, तो चालू होता की नव्हता हे पोलिसांना सिद्ध करावंच लागत नाही. सुटायचं तर पॉवर जोडलेली नको आणि गाडीतल्या कुणाच्या हाताला लागेल असाही नको. म्हणून वाटेत मेरीलँड हाऊस या हायवेच्या थांब्याला कॉफीला थांबलात की तिथेच वायर काढा आणि डिकीत बॅगेच्या तळाशी टाका, पुढे बेल्टवेवर (डीसीभोवतीचा रिंग रोड) ट्रॅफिकमध्ये कुठे काढत बसणार.

आणि व्हर्जिनियात खरी भीती डिटेक्टरच्या दंडाची नाहीच. तिथे ताशी ८५ मैलांच्या वर गेलात किंवा लिमिटपेक्षा २० मैल जास्त असलात तर ते रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंग धरतात, क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे चक्क फौजदारी गुन्हा, २५०० डॉलरपर्यंत दंड आणि कायद्याने १२ महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते. व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक-शिक्षा झालीये का हा प्रश्न असतोच, मग व्हिसा स्टँपिंगच्या आधी वकील शोधत फिरा. ७० च्या रस्त्यावर ८६ म्हणजे फार काही वाटत नाही, सगळेच पळवत असतात, पण थांबवलं तुम्हाला तर झालं ना.

न्यू जर्सीत मामला साधा आहे. लिमिटपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त असाल तर लायसन्सवर दंडाचे २ पॉइंट, १५ ते २९ ला ४, ३० च्या वर ५. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की राज्याचा सरचार्ज वेगळा सुरू होतो, १५० डॉलर आणि वरच्या प्रत्येक पॉइंटला २५. दंड एकदा भरला की विसरता येतो हो, इन्शुरन्स विसरता येत नाही. नवीन माणसाला इथली ड्रायव्हिंग हिस्टरी नसते म्हणून प्रीमियम आधीच कंबरडं मोडणारा असतो, त्यात पॉइंट लागले की बघायलाच नको. तिकीट आलंच तर ऑनलाइन गिल्टी भरून मोकळे होऊ नका, म्युनिसिपल कोर्टात प्रॉसिक्युटरशी बोला, बऱ्याचदा 'अनसेफ ड्रायव्हिंग' या हलक्या गुन्ह्यावर आणून देतात, त्याला पैसे जास्त जातात (२५० डॉलरचा सरचार्ज धरून) पण पॉइंट शून्य.

आता यंत्र. पोलिसांचं रडार मुख्यतः के आणि केए बँडवर (रडारच्या लहरींचे पट्टे) असतं, एक्स बँड जुना. हायवेवर केए वाजला तर मनावर घ्या. के वाजला तर बहुतेक वेळा शेजारच्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर असतो नाहीतर दुकानाचा आपोआप उघडणारा दरवाजा. रूट वनला सिग्नलला उभं राहिलं की एका बाजूला मोठं दुकान, दुसऱ्या बाजूला नवीकोरी एसयूव्ही, आणि स्वस्तातला डिटेक्टर नुसता कोकलत असतो, मागे बसलेलं पोर झोपेतून उठतं आणि बायको म्हणते बंद कर ते आधी. म्हणून शंभर-दीडशे डॉलरचे घेऊच नका, जुना सेकंडहँडही नको, त्यांना हे सेन्सर गाळता येत नाहीत. लेझर गनचं तर वाजेपर्यंत तुमचा स्पीड मोजून झालेला असतो, लेझर डिटेक्शन बॉक्सवर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो.

अजून एक, चुलतभावाने हे नक्की सांगितलेलं नसणार. ट्रूपर (राज्याचा हायवे पोलीस) रडार सतत चालू ठेवतोच असं नाही, गाडी टप्प्यात आली की तेवढ्यापुरतं बटण दाबतो. पुढे चार गाड्या असतील तर त्यांच्यावर मारलेलं रडार तुमच्या डिटेक्टरला ऐकू येतं आणि वेळ मिळतो. रात्री रिकाम्या टर्नपाइकवर (इथला टोलचा हायवे) तुम्ही एकटेच असाल तर पहिला फटका तुम्हालाच, आणि नेमका तिथेच माणूस डिटेक्टरच्या भरवशावर पाय दाबतो.

घ्यायचाच तर युनिडेन आर-फोर, चारशे डॉलरच्या आसपास मिळतो, जीपीएस आत असतं, त्यामुळे रोजच्या रस्त्यावरचे खोटे आवाज त्या त्या जागेपुरते लॉक, म्हणजे गप्प, करता येतात. रडार पुढून येतंय की मागून हे दाखवणारे बाण हवे असतील तर आर-एट किंवा व्हॅलेंटाइन वन जेन टू. व्हॅलेंटाइनचे बाण मला सगळ्यात आवडतात, पण त्यात जीपीएस नाही, फोनवरचं अ‍ॅप जोडावं लागतं, ज्यांना सेटिंगमध्ये खेळायला आवडतं त्यांनीच घ्यावा. एस्कॉर्टचे वरचे मॉडेल लॉकिंग आपापलं शिकतात, पण किंमत बघून माझा तरी हात आखडतो. जॅमरच्या (पोलिसांचं रडारच बंद पाडणारं यंत्र) नादाला लागू नका, रडार जॅमर देशभर बेकायदा आहे.

न्यूयॉर्क सिटीत जाणं-येणं होणारच, तिथल्या शाळांजवळचे स्पीड कॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून चोवीस तास चालू असतात, लिमिटपेक्षा १० मैलांहून जास्त गेलात की ५० डॉलरच्या दंडाचं पाकीट घरी. पॉइंट नसतात, पण असे कॅमेरे कळायला वेझ हे फोनवरचं नकाशाचं अ‍ॅप पुरतं आणि ते फुकट आहे. ओक ट्री रोडला (एडिसनमधला देशी दुकानांचा रस्ता) तर डिटेक्टरचा काही उपयोगच नाही, तिथे पार्किंग शोधणाऱ्यांच्या मागे पंधराने गेलात तरी नशीब.

माझं विचाराल तर पहिले सहा महिने काहीच घेऊ नका, वेझ लावा आणि शंभर डॉलरचा डॅशकॅम घ्या, अपघात झाला तर तोच कामाला येईल. नंतर ऑफिस लांब पडलं, रोज टर्नपाइक, पार्कवे अशा हायवेंवरून ये-जा करायला लागलात तर आर-फोर मागवा, परत करायची मुदत असेल अशाच ठिकाणाहून, आणि ती मुदत संपायच्या आत तुमच्या रोजच्या रस्त्यावर आठवडाभर वाजवून बघा.